भाड्याच्या घरात बुरशी: खर्च कुणाचा, हे पाणी कुठून येतं त्यावर ठरतं

जुलै उजाडला की मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीतल्या भाड्याच्या घरांत एक ठरलेला वाद सुरू होतो. बेडरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात, कपाटाची मागची फळी पांढुरकी होते, छताचे पोपडे निघतात. भाडेकरू म्हणतो, घर गळकं आहे. घरमालक म्हणतो, तुम्ही घर बंद ठेवता, आत कपडे वाळत घालता. शेवटी रंगारी येतो, डागावर रंगाचा एक हात मारतो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच कोपऱ्यावरून तोच वाद.

दोघंही बुरशीवर भांडतात म्हणून हा वाद मिटत नाही. बुरशीला पोसणारं पाणी मात्र कुणाच्या तरी हद्दीतलं असतं. ते भाडेकरूच्या रोजच्या वापरातलं असेल, घरमालकाच्या भिंतीत दडलेल्या नळातलं असेल, सोसायटीच्या बाहेरच्या भिंतीतून आलेलं असेल किंवा वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधलं असेल. आधी ते शोधायचं, मग करार आणि कायदा उघडायचा. इथे तोच क्रम ठेवला आहे. कायद्याचा भाग महाराष्ट्रापुरता समजावा.

बुरशीला काय लागतं

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना घराबाहेर ठेवणं कुणालाच शक्य नाही. रंगाचा थर, प्लायवूड, चामडं, कापूस, साधी धूळ हे सगळं त्यांचं अन्न आहे, आणि आपल्याकडचं तापमान त्यांना वर्षभर मानवतं. उरतं ते पाणी. भिंत भिजून वाहायलाच हवी असंही नाही. भिंतीच्या पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली तरी बुरशी धरते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळली तर ती बहुधा वाचते. त्यामुळे गळती दिसल्यावर पहिले दोन दिवस सगळ्यांत मोलाचे.

तब्येतीचा प्रश्न खरा आहे. ओलसर, बुरशीच्या घरात दमा वाढतो, सर्दी आणि शिंका थांबत नाहीत, डोळे चुरचुरतात. लहान मुलं, वयस्क माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे त्यांना हा त्रास जास्त होतो. मात्र एक भीती मनातून काढायला हवी. २०२१ साली कोविडनंतर ज्याला सगळे ‘ब्लॅक फंगस’ म्हणत होते तो म्युकरमायकोसिस होता, आणि तो आजार करणाऱ्या बुरश्या वेगळ्या गटातल्या आहेत. भिंतीवरचे काळे ठिपके म्हणजे तो आजार नव्हे. नुसत्या रंगावरून बुरशीची जात ओळखताही येत नाही. काळी असो, हिरवी असो की पांढरी, उपाय एकच: पाणी थांबवा आणि ती काढा. प्रयोगशाळेत तपासणी करण्यावर पैसे घालवण्याऐवजी तेच पैसे गळती शोधायला वापरावेत.

डाग काय सांगतो

बहुतेक वेळा डागाची जागा, आकार आणि ऋतू या तीन गोष्टींवरून पाण्याचा उगम जवळजवळ नक्की कळतो.

*पावसाबरोबर येणारी ओल.* डाग बाहेरच्या भिंतीवर असतो, बहुतेकदा खिडकीच्या कोपऱ्याशी, छज्जाच्या पातळीला किंवा तुळई आणि विटांच्या सांध्याच्या रेषेत. मोठी सर झाल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी तो गडद होतो आणि दिवाळीपर्यंत फिका पडतो. कोकणपट्टीत पावसाळी वारे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येत असल्याने त्या बाजूच्या भिंती आधी भिजतात. कारणं ठरलेली असतात: बाहेरच्या प्लास्टरला तडे, खिडकीच्या चौकटीभोवतीचं सुकून फाटलेलं सिलंट, खिडकीच्या सरकत्या पट्टीतली बुजलेली पाणी जायची भोकं, छज्जावर साचणारं पाणी, भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप. ही भोकं भाडेकरू काडीने साफ करू शकतो आणि त्याने ती करावीत. बाकीच्यात त्याचा काही हात नाही.

*वरून येणारी ओल.* छताला तपकिरी कडेचं वर्तुळ असतं, बहुधा वरच्या बाथरूम किंवा स्वयंपाकघराच्या बरोबर खाली. हा डाग एप्रिलमध्येही ओला लागतो. वरच्या घरातली माणसं आठवडाभर गावी गेली आणि डाग सुकला, तर उगम सापडलाच म्हणायचा. दोष बहुधा नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या फरशीतल्या पाणी जायच्या तोंडाच्या) सांध्यात, फरशांच्या उघड्या पडलेल्या सांध्यांत किंवा कमोडच्या पाइपजवळ असतो. खात्री करायची तर ट्रॅपचं तोंड कापडाने किंवा रबरी बुचाने बंद करून बाथरूममध्ये इंचभर पाणी २४ ते ४८ तास साठवून ठेवायचं आणि खाली लक्ष ठेवायचं. पाण्यात खायचा रंग टाकला तर शंकेला जागा उरत नाही. सर्वांत वरच्या मजल्यावर असाच डाग फक्त पावसाळ्यात दिसत असेल तर तो गच्चीचा.

*जमिनीतून चढणारी ओल.* तळमजला, जुने बंगले, वाडे, चिऱ्याची घरं. भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा ओलसर राहतो, त्यावर पांढरा खार फुटतो, रंग पिठासारखा गळतो. पायाच्या वर ओल रोखणारा थर घातलेला नसला किंवा तो निकामी झाला असला की विटा आणि चिरे जमिनीतलं पाणी वर ओढतात. त्या खारावर बुरशी क्वचितच दिसते. ती येते त्याच्या वरच्या कडेला आणि तिथे टेकवलेल्या सामानावर. हा बांधकामाचा दोष आहे, राहणाऱ्याचा नाही.

*नळाची गळती.* एका जागी सतत ओला असणारा, हळूहळू वाढणारा डाग, बहुधा बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर. घरातले सगळे नळ बंद करून मीटर पाहावा. काटा फिरत असेल तर पाणी भिंतीत जातं आहे. एसीच्या खालचा ओघळ मात्र बहुतेकदा तुंबलेल्या ड्रेन पाइपचा निघतो आणि सर्व्हिसिंगने जातो.

*हवेतली ओल.* यात डागाला कडा नसते. बाथरूमच्या छतावर, भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी, कोपऱ्यात, म्हणजे हवा फिरत नाही अशा जागी सुटे काळे ठिपके विखुरलेले असतात. प्लास्टर आतून कोरडं आणि टणक असतं. धुण्याच्या यंत्रातून पिळून निघालेल्या एका फेरीच्या कपड्यांत साधारण दोन लिटर पाणी असतं. ते घरात वाळवले की ते पाणी हवेत आणि तिथून भिंतीवर जातं.

एसीमुळे होणारा प्रकार फार थोड्यांच्या लक्षात येतो. बाहेर २९ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २६ अंशांवर असतो. म्हणजे २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर ही हवा पाणी सोडते. बेडरूमचा एसी रात्रभर २० अंशांवर चालला की मधली भिंत पलीकडूनही थंड पडते, आणि शेजारच्या बंद खोलीत त्याच भिंतीला टेकलेल्या कपाटामागे बुरशी धरते. एसी २५-२६ अंशांवर ठेवला आणि कपाट तीन इंच पुढे ओढलं तर यातलं बरंच थांबतं.

दोन कारणांत गोंधळ होत असेल तर एक साधी चाचणी करावी. डागाची जागा कोरड्या कापडाने पुसून तिच्यावर दीड फूट लांबीरुंदीचं जाड प्लास्टिक ठेवा, चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि २४ तास थांबा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ते हवेतलं आहे. टेप लावताना आणि काढताना तारीख दिसेल असे फोटो घ्यावेत. वाद वाढला तर तेच उपयोगी पडतात.

कधी दोन्ही कारणं एकत्र असतात. बाथरूमला खिडकी नाही, एक्झॉस्ट फॅन बंद पडलेला आहे, आणि राहणारे दार लावून गरम पाण्याने आंघोळ करतात. इथे सगळा दोष राहणाऱ्यावर टाकणं चूक आहे. वाफ बाहेर जायला वाटच दिली नसेल तर ती देणं घरमालकाचं काम. वाट असून पंखा न लावणं ही राहणाऱ्याची चूक.

आधी कराराचं नाव वाचा

आपल्या बोलण्यात सगळेच ‘भाडेकरू’ असतात. कायद्यात मात्र दोन वेगळे वर्ग आहेत आणि त्यांचे हक्क फार वेगळे आहेत.

पहिला वर्ग खऱ्या भाडेकरूंचा: जुन्या चाळी, पागडीची घरं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भाडी. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू होतो. त्याचं कलम १४ घराच्या दुरुस्तीबद्दलच आहे. भाडेकरूने उलट करार केलेला नसेल तर घर राहण्याजोगं, नीट दुरुस्त ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतर वाजवी मुदतीत काम झालं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून जास्त करता येत नाही. महिना ६,००० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ७२,००० होतात, म्हणजे वर्षाला १८,००० रुपयांपर्यंत. दुरुस्तीचा हिशेब आणि पावत्या नीट ठेवाव्यात, कारण हे कलम त्यांनाच खर्चाचा पुरावा मानतं.

याच कायद्यात आणखी एक उपयोगी गोष्ट आहे. घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर घर खाली करावं लागू शकतं, पण पक्कं बांधकाम कशाला म्हणायचं नाही याची यादी कलम १६ मध्ये दिली आहे. हवा येण्यासाठी आवश्यक खिडकी आणि एक्झॉस्टचं तोंड त्या यादीत येतं. त्यासाठी लागेल तिथे महापालिकेची परवानगी घ्यायलाच हवी. पण “एक्झॉस्टसाठी भोक पाडलंत तर घराबाहेर काढीन” ही धमकी या कलमापुढे टिकणारी नाही.

दुसरा वर्ग लिव्ह अँड लायसन्सवाल्यांचा. मुंबई-पुण्यात आज बहुतेक घरं अशीच, ११ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंतच्या करारावर दिली जातात. कायद्याच्या दृष्टीने तो भाडेपट्टा नाही, राहण्याची परवानगी आहे. म्हणून दुरुस्ती करून पैसे वळते करण्याचा कलम १४ चा हक्क अशा रहिवाशाला आपोआप मिळत नाही. त्याच्या बाजूने काय आहे? इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्ट, १८८२ चं कलम ५७. जागेतला जो दोष रहिवाशाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका करू शकतो, जो मालकाला माहीत आहे आणि रहिवाशाला नाही, तो मालकाने सांगितलाच पाहिजे. गेल्या पावसाळ्यात छत गळलं होतं, प्लास्टरचा तुकडा पडला होता आणि मेमध्ये त्यावर रंग देऊन घर दाखवलं, तर हे कलम नेमकं तिथे लागू पडू शकतं. मात्र हे सिद्ध करायला पुरावा लागतो. बाकी सगळं कराराच्या शब्दांवर चालतं.

अशा करारांत साधारणपणे एक वाक्य असतंच: रहिवाशाने घर आहे त्या स्थितीत राखावं आणि स्वाभाविक झीज सोडून, स्वतःमुळे झालेलं नुकसान स्वखर्चाने भरून द्यावं. घरमालक त्यातलं ‘आहे त्या स्थितीत’ एवढंच वाचून दाखवतात. ‘स्वतःमुळे झालेलं’ आणि ‘स्वाभाविक झीज सोडून’ हे शब्दही तिथेच असतात. बाहेरच्या भिंतीतून आलेलं पावसाचं पाणी रहिवाशामुळे आलेलं नाही. छत आणि भिंतींच्या गळतीबद्दल करार गप्प असेल तर भांडायला जागा राहते, म्हणून ते आधीच लिहून घ्यावं. त्याचे शब्द पुढे दिले आहेत.

करार नोंदवणं घरमालकाची जबाबदारी आहे (भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम ५५). नोंदणी केली नाही तर अटींबाबत रहिवासी जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. घरमालकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. “गळती मीच काढून देईन” असं तोंडी सांगितलं असेल आणि करार नोंदवलेला नसेल, तर तो शब्द त्यांच्यावर येऊ शकतो.

२०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याचा उल्लेख अनेकजण करतात. तो केंद्राने दिलेला नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. तरीही त्यातली कामांची वाटणी करारासाठी उचलण्यासारखी आहे. बांधकामाची दुरुस्ती, रंगसफेदी, पाइप बदलणं आणि वायरिंग घरमालकाकडे. नळाचे वॉशर, मोरी-गटार साफ करणं, बेसिन, कमोड, गीझर यांच्या किरकोळ दुरुस्त्या राहणाऱ्याकडे.

आणि भाडं थांबवू नका. दोन्ही वर्गांतले लोक रागाच्या भरात हे पहिलं पाऊल उचलतात आणि त्यानेच आपली बाजू पडते. वाद गळतीवरून थकबाकीवर जातो, आणि थकबाकी सिद्ध करायला घरमालकाला एक बँक स्टेटमेंट पुरतं.

सोसायटी कुठे येते

फ्लॅटमधल्या ओलीची मोठी कारणं घरमालकाच्याही हाताबाहेरची असतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, बाहेरच्या भिंती, गच्ची, बाहेरचे सामाईक पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. गच्चीतून पाणी झिरपून सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घराचं छत आणि त्याचं प्लास्टर खराब झालं असेल तर तेही संस्थेने करून द्यायचं. बाथरूम, संडास, सिंक यांतून एका घरातून दुसऱ्यात उतरणाऱ्या पाण्याचा खर्च संबंधित सदनिकाधारकांवर येतो. “निधी नाही” हे उत्तर बरेचदा येतं, पण बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरवर्षी दुरुस्ती-देखभाल निधीसाठी गोळा करायचं हे त्याच उपविधींत लिहिलेलं आहे.

अडचण अशी की राहणारा संस्थेचा सभासद नसतो. त्याने सेक्रेटरीला लिहिलेलं पत्र बाजूला पडू शकतं, मालकाने लिहिलेलं सहज पडत नाही. म्हणून राहणाऱ्याने मालकाला लिहायचं आणि मालकाने तेच संस्थेला पाठवायचं. हे न करणारा मालक “सोसायटी काही करत नाही” असं म्हणू शकत नाही, कारण संस्थेच्या दारात जाण्याचा हक्क त्याच्याकडेच आहे. संस्थाही ढिम्म राहिली तर उपनिबंधकांकडे तक्रार आणि पुढे सहकार न्यायालय हे मार्ग सभासदाला मोकळे आहेत. दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) जुन्या इमारतींत बांधकामाच्या मोठ्या दुरुस्त्या म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे येतात.

कळवायचं कसं

फोनवर सांगितलेलं कुणाला आठवत नाही. पहिला डाग दिसला त्याच आठवड्यात लिहून कळवा. उशीर केला तर “वेळेत सांगितलं असतं तर शंभर रुपयांत झालं असतं” हा घरमालकाचा मुद्दा बरोबर ठरतो, आणि वाढलेल्या नुकसानीतला वाटा तुमच्याकडे येऊ शकतो. मजकुरात राग नको, मोजमाप हवं. उदाहरणार्थ:

“मागच्या बेडरूमच्या पश्चिमेकडील भिंतीवर, खिडकीच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली सुमारे ३ फूट × २ फूट भागात दि. १८ जूनपासून ओल व बुरशी आहे. पाऊस झाल्यावर ओल वाढते. प्लास्टिक लावून केलेल्या चाचणीत पाणी भिंतीच्या बाजूने आले. फोटो सोबत जोडले आहेत. कृपया १५ दिवसांच्या आत पाहणी करून दुरुस्ती करावी. पाहणीसाठी शनिवार-रविवारी कोणत्याही वेळी घर उघडे मिळेल.”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. “मी प्लंबर पाठवला, यांनी दार उघडलं नाही” हे उत्तर त्याने बंद होतं. आधी व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेल, उत्तर नाही आलं तर स्पीड पोस्ट आणि पोहोच. फोटोत मोजपट्टी ठेवावी आणि मूळ फाइल जपावी. फॉरवर्ड करून पुन्हा उतरवलेल्या फोटोतली तारीख आणि बाकीची नोंद बहुधा निघून जाते.

घर खाली करून घेण्यासाठीचं सक्षम प्राधिकारी हे कार्यालय कराराची मुदत संपल्यावर ताबा मागणाऱ्या मालकांसाठी आहे. ओलीची तक्रार घेऊन तिथे खेपा मारू नयेत.

खरी दुरुस्ती कोणती

वर्षानुवर्षं पैसे वाया जातात ते इथे. आतून ‘वॉटरप्रूफ’ रंग लावणं म्हणजे भिंतीत आलेलं पाणी आतच कोंडणं. ते रंगाला फुगे आणतं किंवा फूटभर बाजूने बाहेर पडतं. पावसाचं पाणी बाहेरूनच अडवावं लागतं. तडा खाचेसारखा उघडायचा, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायचा, खिडकीभोवतीचं जुनं सिलंट पूर्ण खरवडून नवं भरायचं आणि वरून लवचिक बाह्य रंग द्यायचा. हे काम भर पावसात टिकत नाही. नोव्हेंबर ते मे हा त्याचा काळ. त्यामुळे जुलैत घरमालक “आत्ता बाहेरचं काम होणार नाही” म्हणतो तेव्हा तो टाळतोच आहे असं नाही. मात्र त्याने तात्पुरती ताडपत्री किंवा सिलंट लावून द्यावं आणि पुढच्या कामाची तारीख लिहून द्यावी.

वरच्या बाथरूमची गळती असेल तर लगेच फरशा फोडायला घेऊ नयेत. आधी सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरावं आणि नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा नीट करावा. बऱ्याच गळत्या इतक्यावर थांबतात. न थांबल्या तर फरशी आणि खालचा कोबा काढून, पाइपचे सांधे तपासून, भिंतीवर किमान फूटभर चढवलेले वॉटरप्रूफिंगचे दोन हात, आणि नव्या फरशीआधी ४८ तास पाणी साठवून चाचणी. ही चाचणी गाळणाऱ्या ठेकेदाराला उरलेले पैसे देऊ नयेत.

छताचं प्लास्टर पडून आतल्या गंजलेल्या सळ्या दिसत असतील तर विषय बुरशीच्या पलीकडे गेला. गंजताना लोखंड फुगतं आणि काँक्रीट फोडतं. त्या छताखाली झोपू नये, आणि मालकाने व संस्थेने त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनीअर आणावा. नवं प्लास्टर केल्यावर पुट्टी आणि रंगासाठी साधारण चार आठवडे थांबावं लागतं. तिसऱ्या दिवशी रंग देऊन मोकळं झालेलं काम पुढच्या जूनमध्ये परत उघडं पडतं.

बुरशी काढताना

तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढ्या भागापर्यंतची बुरशी घरच्या घरी काढता येते. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. आधी पृष्ठभाग ओला करायचा, म्हणजे बीजाणू उडत नाहीत. कोरड्या झाडूने कधीच झटकू नये. साबणाच्या पाण्याने घासून पुसायचं, फडकं टाकून द्यायचं आणि मग भिंत पंख्याने वाळवायची. फरशी, काच आणि टाइल्सवर ब्लीच चालतं. प्लास्टरवर ते वरचा रंग घालवतं, आतल्या बुरशीपर्यंत पुरेसं पोचत नाही. ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड एकत्र करू नका, एकामागोमाग एकही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. फुगलेलं प्लायवूड आणि बुरशी धरलेली गादी वाचत नाही, टाकावी.

पावसाळ्यात नुसत्या खिडक्या उघडून घर वाळत नाही, कारण बाहेरची हवाच भरलेली असते. आंघोळीनंतर एक्झॉस्ट अर्धा तास चालू ठेवावा. कपडे एकाच खोलीत, दार लावून, खिडकी उघडी ठेवून आणि पंखा लावून वाळवावेत. एसी असेल तर ड्राय मोडवर चालवावा. कपाटात डांबरगोळ्या ठेवून ओल जात नाही, त्या किडीसाठी असतात. ओलीसाठी कॅल्शियम क्लोराइडच्या पुड्या मिळतात, त्या पाण्याने भरल्या की बदलाव्यात. दोनशे-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक घरात ठेवला तर वादही कमी होतात. त्यावरची नोंद ६० टक्क्यांच्या आसपास असूनही एकच भिंत ओली राहत असेल तर दोष हवेचा नाही, भिंतीचा आहे.

करारात काय लिहून घ्यावं, आणि घर सोडताना

घर शक्यतो पावसाळ्यात पाहावं. उन्हाळ्यात पाहिलं तर कपाटांच्या मागे, सिंकखाली आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीवर हात फिरवून पाहावा. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर कारण विचारावं, तेही मेसेजवर. करारात हे कलम घालावं (लायसन्सर म्हणजे घरमालक, लायसन्सी म्हणजे रहिवासी, आणि लॉक-इन म्हणजे ठरावीक काळ घर न सोडण्याची अट):

“बाहेरील भिंती, छत, गच्ची, शेजारील सदनिका व भिंतीत दडलेले पाइप यांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती लायसन्सर स्वखर्चाने करील किंवा संस्थेकडून करून घेईल. लेखी सूचना मिळाल्यापासून ७ दिवसांत पाहणी व ३० दिवसांत दुरुस्ती केली जाईल. पावसामुळे बाहेरील काम शक्य नसल्यास तात्पुरता उपाय करून कायमची दुरुस्ती ३१ डिसेंबरपूर्वी केली जाईल. अशा गळतीमुळे झालेले नुकसान अनामत रकमेतून कापले जाणार नाही. दुरुस्ती न झाल्यास लायसन्सी लॉक-इनची अट लागू न होता एक महिन्याच्या सूचनेने जागा सोडू शकेल.”

मालकानेही आपली बाजू लिहून घ्यावी: एक्झॉस्ट वापरणं, एसीचं सर्व्हिसिंग, गळती दिसल्यापासून सात दिवसांत कळवणं, पाहणीसाठी दार उघडणं. यांतलं काही मोडल्यामुळे बुरशी वाढली तर तेवढ्या भागाची साफसफाई आणि रंग अनामतीतून कापणं रास्त आहे. अख्ख्या घराचा रंग कापणं रास्त नाही. दोन-तीन वर्षं राहून फिका पडलेला रंग ही स्वाभाविक झीज आहे.

किल्ल्या घेताना प्रत्येक खोलीच्या चारही भिंती आणि छताचा सलग व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवावा. किल्ल्या परत देताना त्याच क्रमाने दुसरा व्हिडिओ काढावा. अनामतीतून काही कापायचं असेल तर कोणती भिंत, किती चौरस फूट, रंगाऱ्याचा दर आणि पावती एवढं मालकाकडून लेखी मागावं, आणि ते मिळेपर्यंत “हिशेब पूर्ण झाला” अशा कागदावर सही करू नये.